गोजरबाईची मूठ

आष्टी, कार्तिक शु. ५, शके १८६३

चि. सौ. साखराबाईस जयवंताचे आशीर्वाद. वि. वि.

तुझी कीर्ती इथवर आली. तुला गावातल्या बाया माऊली म्हणतात, असं तुमच्या गावचा कडूबा इथल्या बाजारात सांगत होता. ऐकून बरं वाटलं असं लिहायला हवं, पण वाटलं नाही. दुष्काळात आईनं निराधार बायांसाठी घरोघरची मूठ-मूठ ज्वारी गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा दुरडी माझ्या डोक्यावर होती. मी लग्न होऊन इकडे आले, आणि मरताना आईनं ती तुझ्या हाती दिली. पोटची मी, मान सुनेला. आता वीस वर्षं काम टिकलंय, तर नाव तुझं.

माझ्या भावाला म्हणावं, बहीण जिवंत आहे. त्याच्यावर माया आहे. तुझ्यावरही आहे, पण ओढून आणावी लागते.

जयवंता

कुंभार पिंपळगाव, कार्तिक व. २

ती. सौ. आक्कांस साखराबाईचा सा. न. वि. वि.

माऊली कसली, यंदा मी घोळ करून ठेवला. ज्यांना आपण देतो त्यांच्याकडूनच मूठ कशाला घ्यायची, म्हणून दसऱ्यापासून ती घरं वगळली. आंधळ्या गोजरबाईनं ज्वारी परत पाठवली. आपण भिकारीण न्हाई, असं म्हणाली. आणखी चार घरांनी तेच केलं. गोजरबाईची चूल दोन दिवस बंद आहे, आणि माझं बिलकुल ऐकत नाही.

तुम्ही या, दुरडी तुम्हीच घ्या. मला काही वाटणार नाही असं खोटं लिहीत नाही. खूप वाटेल. तरी या.

रागावा, पण परकं करू नका.

साखराबाई

आष्टी, कार्तिक व. ५

चि. सौ. साखराबाईस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून आधी आनंद झाला, मग लाज वाटली. आनंदच जास्त.

अगं, आई पहिल्यांदा त्यांच्याच दारी जायची. गोजरबाईची मूठ पडल्यावर पाटलाची. म्हणजे दुरडीतलं धान्य कोणाचं, हे कोणी बोलू शकत नसे. तू चारचौघींसमोर जा आणि तिच्याकडे मूठ माग. दाणा नसेल तर मिठाचा खडा घे, पण घे.

मी येत नाही. आष्टीहून तुमच्या गावची दारं रोज कशी हिंडणार? आईनं बराबर केलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण देण्याआधी तिनं मला एकदा विचारायला हवं होतं. तू विचारलंस. नाही म्हणताना जीव तुटतोय, तरी नाही म्हणते.

गोजरबाई जेवली की लगेच कळव.

जयवंता