फोनाचे गुणदोष आणि वकिलांचा कोट

तीर्थरूप दादाच्या पायांशी (गुडघा सुजलाय, म्हणून जरा लांबूनच) धाकटीचा नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती मला माहीत आहे. गुडघ्याला तू लावतोस ते मलम चुकीचं आहे, मंगळवारी तुझं दूध उतू गेलं आणि शेजारच्या मास्तरांशी जिन्यातल्या दिव्यावरून तुझं वाजलं. चार महिने आपण एकमेकांशी बोललो नाही, तरी हे सगळं मला कसं कळलं, असा प्रश्न तुला पडला असेल. पडू दे. आयुष्यभर कारखान्यात माल तपासणाऱ्या माणसाला एखादा प्रश्न थोडा वेळ पडून राहिला तर काही बिघडत नाही.

हे पत्र म्हणजे तू मागितलेला अहवाल. माझ्या पन्नाशीला तू मला तो सुट्या भागांचा फोन दिलास आणि सोबत मधोमध रेघ मारलेला एक कागद. डावीकडे ‘गुण’, उजवीकडे ‘दोष’, महिनाभर वापर आणि भरून दे म्हणालास. तो भरायचा सोडून मी तुझ्या कारखान्यातल्या मित्रांसमोर म्हणाले, “आमच्या दादानं मला वीट दिलीय. आणखी दोन दिल्या की चूल मांडते.” सगळे हसले, तू हसला नाहीस. तीन आठवडे चष्मा पुसत पुसत तू सतरा फोनांची माहिती वाचली होतीस, हे मला मागाहून कळलं. तेव्हापासून तुझं रविवारी दुपारी दुकानात येणं बंद झालं आणि तुझ्या खुर्चीवर आता अल्टरला आलेल्या पँटी साठतात. मला ती खुर्ची तशी बघवत नाही, दादा. हे एकदा सरळ लिहून टाकते, म्हणजे पुढे थट्टा करायला मी मोकळी.

तर आधी गुण. हा फोन उसवता येतो! शिंपिणीला आणखी काय हवं? जे उसवता येत नाही ते नीट शिवलेलंच नसतं, असं आमच्या धंद्यात मानतात (निदान मी तरी मानते). माझा आधीचा फोन चहूबाजूंनी चिकटवलेला होता. त्याची बॅटरी गेली तेव्हा दुकानदारानं अशी मान हलवली, की फोनला शेवटचं कधी भेटता येईल तेच मी विचारणार होते. याची बॅटरी नखानं निघते. काच फुटली (त्यावर इस्त्री ठेवली गेली, कोणी ते विचारू नकोस), तेव्हा नवी मागवून मी स्वतः दहा मिनिटांत बसवली. पडद्यांचं माप द्यायला आलेली बाई ते बघत उभी होती. तिनं त्या भरात दोन पडदे जास्तीचे शिवायला टाकले.

आता दोष. जाडी आणि वजन यांविषयी मी पूर्वी जे बोलले ते शब्द मागे घेते, पण फोन काही त्यानं हलका होत नाही. एप्रनचा खिसा दोनदा फाटला, शेवटी खाली दुहेरी कापड लावलं. मात्र कापड कापताना कागदी बेतावर वजन म्हणून ठेवायला असा फोन दुसरा नाही, पंख्याखालीसुद्धा बेत जागचा हलत नाही (हे गुणांत धर). नकाशा उघडेपर्यंत माणूस विचारत विचारत घरी पोचतो. कॅमेरा बेताचाच. त्यात मरून रंग तपकिरी दिसतो. एका गिऱ्हाइकानं फोटो बघून दोरा पसंत केला, आणि आता त्याच्या मरून कोटावर तपकिरी टाके आहेत. तो म्हणतो ही फॅशन आहे, मीही हो म्हणते.

पण सगळ्यांत मोठा दोष फोनात नाही, त्याच्या खोक्यात आहे. तो म्हणजे सोबत मिळणारा इवलासा स्क्रूड्रायव्हर. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात, तसा तो ह्यांच्या हाती लागला. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस निवृत्त होऊन घरी बसलाय, समोर उघडता येणारी वस्तू आहे, मग काय होणार? गेल्या सोमवारी सकाळी ह्यांनी फोन माझ्या कापायच्या टेबलावर उघडला, आतली सुताची धूळ ब्रशानं झाडली आणि सगळे भाग परत बसवले. सगळे, एक सोडून. तळाची एक चपटी काळी पट्टी, तिच्यात माइक असतो. कानाशी ऐकू यायचा भाग वर वेगळा असतो, तो जागेवर होता. थोडक्यात, मला सगळ्यांचं ऐकू येत होतं आणि माझं कोणालाच ऐकू जात नव्हतं. (हे म्हणाले, असं आजवर घरात कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी ह्यांचा चहा बिनसाखरेचा केला.)

ती पट्टी पडली होती खडूशेजारी, शिशाच्या पट्ट्यांत. कोटाची खालची कड उडू नये म्हणून अस्तराच्या आत आम्ही अशा पट्ट्या शिवतो. वकीलसाहेबांचा नवा काळा कोट तयार होत होता. मी चार पट्ट्या उचलल्या, बारीक टाक्यांनी आत बंद केल्या, इस्त्री फिरवली आणि कोट रवाना केला. त्यांतल्या तीनच शिशाच्या होत्या.

आणि त्याच सोमवारी दुपारी मी मनाचा हिय्या करून तुला फोन लावला. (ह्यांचा फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज वाचणं तुझ्या तत्त्वात बसत नाही.) सात मिनिटं मी तुझी माफी मागत होते. तिकडून आपलं “हॅलो? धाकटे? हॅलो?” आणि शेवटी “बोलायचंच नसेल तर फोन कशाला करतेस?” मला वाटलं तू मुद्दाम करतोयस. मी मशीनवर डोकं ठेवून रडले, खोटं कशाला सांगू. मंगळवारी पुन्हा लावला, तर तू म्हणालास, “रागावलीस ना अजून? बरं, नको बोलूस. मी बोलतो.” आणि दूध, दिवा, मलम, सगळं सांगितलंस. मी इकडून ओरडतेय, “अरे मी बोलतेच आहे!” पण तू मलमावर रंगात आला होतास.

बुधवारी एक गिऱ्हाईक दारात येऊन ओरडलं, “बाई, फोनवर तुम्ही मुक्या का होता?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्यांनी भाग मोजले, एक कमी. कपाटं झाली, केरसुणी झाली, बाबांच्या वेळचा बटणांचा डबा उपडा केला (त्यात काय सापडलं ते मागाहून). शेवटी टेबलावर शिशाची एक पट्टी जास्तीची दिसली, आणि मी तशीच वकीलसाहेबांकडे धावले. वकीलसाहेब म्हणाले, कोट डावीकडे झुकतोय खरा, पण त्यांना वाटलं वयानं आपणच झुकलो. त्यांच्या अंगावरच मी कड उसवली. माझा माइक कोर्टातले सगळे दावे ऐकून आला, पण बिचारा कोणाला काही सांगू शकला नाही.

मधल्या दिवसांत तू बोलतच होतास. शुक्रवारी “हा मशीनचा आवाज कुठून येतोय?” असं विचारलंस. शनिवारी मात्र कमाल केलीस. बाबांच्या मोठ्या कात्रीचं टोक मी नव्हे, तू मोडलंस! पत्रा कापताना! आणि त्यापायी बाबांनी मला वर्षभर मशीनला हात लावू दिला नव्हता! इतक्या वर्षांनी कबूल केलंस, तेही मी मुकी आहे असं समजून. मी तेव्हाच तुझा कान धरला असता, पण काय करणार, माइक वकिलांच्या कोटात.

कागद भरून सोबत जोडला आहे. गुण अकरा, दोष नऊ. वीट म्हटल्याबद्दल मनापासून माफी. आता ऐकू जाईल अशी मागते.

तुझी,
धाकटी

ता. क. रविवारी दुपारी ये. खुर्ची रिकामी केली आहे. स्क्रूड्रायव्हर ह्यांनी हरवला, तेव्हा तुझा आण. तू स्वतःसाठी मात्र पातळ, चिकटवलेला फोन घेतलास, हे शुक्रवारी तुझ्याच तोंडून निघालं. तोही आण. हे त्याची वाट बघताहेत.

ता. क. २. माइक गुरुवारी संध्याकाळीच परत मिळाला. शुक्रवारपासून फोन ठणठणीत होता. एरवी तुला मशीन ऐकू कसं आलं असतं, तपासनीस? मी चटकन पाय आवरला आणि तोंडात रुमाल धरला. पन्नास वर्षांत तू माझ्याशी सलग एवढं कधी बोलला नव्हतास. मधे ‘दादा’ म्हटलं असतं तर पुन्हा गुणदोषांच्या यादीवर आला असतास.

ता. क. ३. कात्रीचं मला तेव्हापासून ठाऊक आहे. मी खिडकीतून बघत होते. बाबांना सांगितलं नाही, कारण तो पत्रा तू माझ्या खेळण्यातल्या गाडीसाठी कापत होतास. ती गाडी बटणांच्या डब्यात आहे. एक चाक निखळलंय, पण परत बसवता येतं.