डब्यांची सरळ ओळ

प्रिय भिंगरी,

तीन आठवडे तुझा फोन नाही, आणि त्यात तुझं काही चुकलेलं नाही. वस्तीच्या सभेत, भर लोकांत, बापानेच पोरीच्या योजनेचे वाभाडे काढले, वर पोरीने त्याची ख्यालीखुशाली विचारायची? आता येत्या गुरुवारी पालिका ठरवणार, बागांचं पाणी वाचवायची तुझी योजना चालू ठेवायची की गुंडाळायची. दोन वर्षं राबलीस तिच्यासाठी. ती गुंडाळली गेली तर त्याला माझाही हात लागलेला असेल, हे मला आतून खातंय.

झालं काय, ते तुला नीट सांगितलंच नाही. तुमच्या खात्याचं पत्रक आलं होतं : हिरवळीवर रिकामे डबे ठेवा, फवारा पंधरा मिनिटं चालवा, कशात किती पाणी पडलं ते मोजा, म्हणजे कुठे जास्त पडून वाया जातं ते कळेल. चाळीस वर्षं कापड बेतलेला शिंपी मी, मला कोण माप शिकवणार? दहा डबे घेतले आणि फवाऱ्याच्या नळीशेजारी दोरी धरून एका सरळ ओळीत मांडले. सगळ्यांत सारखं, दोन-दोन बोटं पाणी. तोच कागद मी सभेत फडकवला. म्हटलं, माझ्याकडे थेंब वाया जात नाही, खात्याने दुसरा उद्योग बघावा. टाळ्या पडल्या. तुझी आई मात्र पुढचे दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलत होती.

मग तिनेच, मला न विचारता, तुमच्या पाहणीवाल्या बाईंना बोलावलं. माझी ओळ बघून बाई हसत सुटल्या. काका, नळीपासून सारख्याच अंतरावर ठेवलेत तर पाणी सारखंच पडणार, डबे सगळीकडे विखरून ठेवायचे असतात, म्हणाल्या. विखरून ठेवले. कुंपणाकडचे भरून वाहिले, मधल्यांचे तळ जेमतेम ओले झाले आणि फाटकाबाहेर ठेवलेला अर्धा भरला. म्हणजे इतकी वर्षं मी इमानेइतबारे फुटपाथला पाणी घालत होतो. आता अर्धी हिरवळ काढून तिथे कमी पाण्यावर जगणारी झुडपं लावली आहेत. बुंध्याशी ठिबकच्या नळ्या, वर वाळक्या पाल्याचा थर. फवाऱ्याला सुट्टी.

मी तुझा बाप हे बाईंना ठाऊक नव्हतं. नळ्या जोडता जोडता त्या सांगत होत्या, आमच्या मॅडम स्वतः चिखलात गुडघे टेकून लोकांना हे शिकवतात, कुणी तोडून बोललं तरी पुन्हा त्याच दारात जातात. मला राहवेना. म्हटलं, ती माझी लेक आहे. छाती चांगली दोन इंच वाढली असेल, आणि हे शिंप्याचं माप आहे, भिंगरी. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे आधीच सांगायला हवं होतं.

पत्र लिहायचं कारण असं, की पालिकेच्या गुरुवारच्या सभेला आपली वस्तीही येणार आहे, आणि तिथे बोलणाऱ्या रहिवाशांत पहिलं नाव मी माझं दिलंय. दोन्ही वेळची मापं घेऊन जाणार आहे आणि मी कुठे चुकलो ते त्याच लोकांसमोर सांगणार आहे. हसले तर हसू देत. तू पुढच्या रांगेत बस. फक्त एक कर, मी उभा राहिलो की मान खाली घालू नकोस. मागच्या वेळी घातली होतीस. मी पाहिलं होतं, आणि तरी बोलत राहिलो.

तुझाच, मोजायला नव्याने शिकलेला,
बाबा