माझ्या मापाचं ऑफिस

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. फक्त कामाच्या नोंदी. भावना वगैरे लिहायच्या नाहीत. तशा त्या सध्या नाहीतच, त्यामुळे जागाही वाचेल.

कंपनीनं मला मोकळं केलं त्याला आज एकवीस दिवस झाले. एकोणीस वर्षं प्लॅनिंग विभागात काढली. निरोपाला सगळे हळहळले. मला काही वाटलं नाही. माझा कॉफीचा मग उचलला, बाहेर पडलो.

निर्णय: मागच्या अंगणात स्वतःचं ऑफिस बांधायचं. गार्डन ऑफिस पॉड म्हणतात त्याला. लाकडी, सुटसुटीत. डिझाइन माझं, बांधकामही माझंच. मग त्यात बसून कन्सल्टंट म्हणून काम सुरू. सहा आठवडे पुरेत. प्लॅनिंगवाल्या माणसाला अवघड काय आहे?

४ फेब्रुवारी

माझ्या जुन्या साहेबांचा फोन. ते हल्ली दुसऱ्या कंपनीत आहेत. वर्षभराचं काम आहे, घरून करायचं, तुझ्याच लायनीतलं, १ एप्रिलपर्यंत हो की नाही सांग, म्हणाले. मी म्हणालो, ऑफिस तयार झालं की कळवतो. ते म्हणाले, ऑफिस कशाला, लॅपटॉप आहे ना? साहेबांना दूरदृष्टी पहिल्यापासून कमीच.

बायकोचं मत: आधी हो म्हणून टाक, मग खुशाल बांधत बस. जेवणाच्या टेबलावर बसून काम कर म्हणाली. ती स्वतः तिथंच बसून एका विमा कंपनीचे फोन घेते. मी तिला समजावलं की गंभीर कामाला गंभीर जागा लागते. तिनं हेडफोन लावले.

१९ फेब्रुवारी

ड्रॉइंग नंबर अकरा फायनल. आधीची दहाही फायनलच होती.

लेकीनं ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, बाबा, कोंबड्या किती आणणार? दुर्लक्ष केलं. नववीतल्या मुलीला एलिव्हेशन काय कळणार?

२३ फेब्रुवारी, दुपारी

सासरे मदतीला आले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. अख्ख्या गावाची मापं घेतली. म्हणून मापांचं खातं त्यांच्याकडे दिलं. योग्य माणूस योग्य जागी.

माझी टेप सुरुवातीला दहा सेंटिमीटर तुटलेली आहे. त्यामुळे माप दहाच्या खुणेपासून धरायचं आणि येईल त्या आकड्यातून दहा वजा करायचे. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते आकडा सांगत गेले, मी दहा वजा करून वहीत लिहीत गेलो. छान लय लागली.

डिझाइनचं तत्त्व असं: ऑफिस माझ्या मापाचं. डोक्यावर चार बोटं मोकळी, जास्त नाही. टेबलासाठी टेबलाएवढाच कोनाडा.

भिंतीला टेकून उभा राहिलो. उंची १६८ निघाली. पूर्वी १७८ होती असं आठवतं. असेल. हा दीड महिना असा गेलाय की माणूस खचणारच. काही वाटलं नाही. लिहून ठेवलं. बाबांनी वहीत डोकावून पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं, आणि चहा मिळेल का विचारलं.

८ मार्च

पाया. विटांचे सहा ठोकळे. पाच लेव्हलमध्ये आले, सहावा हट्टाला पेटला आहे. त्याच्याखाली फरशीचा तुकडा सरकवला. कोणाला कळणार नाही. लेकीला लगेच कळलं.

१४ मार्च

सकाळी साहेबांनी पाठवलेली त्या कामाची फाइल उघडली. पहिलं पान वाचलं. परत वाचलं. तिसऱ्यांदाही पहिलंच वाचत होतो. लॅपटॉप मिटला. उजेडाचा प्रॉब्लेम. खिडकी मोठी करायला हवी.

बायकोनं विचारलं, साहेबांना फोन केलास का? म्हटलं, चौकट बसू दे. ती म्हणाली, फोनवर चौकट दिसणार आहे का? या बाईला टप्प्याटप्प्यानं विचार करायची सवय नाही.

२२ मार्च

चौकट बसली. मग काढली. दार आत उघडत होतं.

अंगठ्यावर हातोडी बसली. नख काळंनिळं. तेही फारसं दुखलं नाही. बायको घाबरून बर्फ घेऊन आली आणि माझा हात बराच वेळ धरून बसली. तिला कॉल आला म्हणून गेली. मी तसाच बसून होतो, बर्फ वितळेपर्यंत.

१ एप्रिल, सकाळी ११.१५

साहेबांचे दोन मिस्ड कॉल. उचलता आले नाहीत, पत्रा चढवायला शिडीवर होतो. म्हणजे शिडीपाशी. फोन खिशात थरथरत होता.

संध्याकाळी ५

पत्रा चढला नाही. वारा फार होता. फोन केला नाही. तेच कारण.

३ एप्रिल

साहेबांचा मेसेज. थांबता आलं नाही, काम दुसऱ्याला दिलं, तुझं ऑफिस झालं की कळव, बघू.

'बघू' म्हणाले आहेत. म्हणजे नाही म्हणालेले नाहीत. बायकोला मेसेज वाचून दाखवला, 'बघू'वर जोर देऊन. वाटलं होतं, ती चांगली झापेल. तयारीही ठेवली होती. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. मग शांतपणे म्हणाली, ठीक आहे, मी पुढच्या महिन्यापासून डबल शिफ्ट मागून घेते. भांडली असती तर परवडलं असतं.

१९ एप्रिल, सकाळी ८

ऑफिस तयार! पत्रा चढला, बाहेरून रंगाचे दोन हात. ऐटीत आत पाऊल टाकलं.

८.०१

कपाळावर टेंगूळ.

८.३०

आत गेल्यावर सरळ उभं राहता येत नाही, डोकं पत्र्याला लागतं. टेबल कोनाड्यात जात नाही. तिरकं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं. लाकूड फुगलं असावं.

२० एप्रिल

लाकूड फुगलेलं नाही.

बाबांना बोलावून सगळी मापं नवीन टेपनं पुन्हा घेतली. माझी उंची १७८च आहे. टेबल १२० आहे, वहीत ११०. बाबांनी बोटांवर दोनदा हिशेब केला. मग कळलं ते असं: आकडा सांगताना बाबा स्वतःच दहा वजा करून सांगत होते. तुम्हाला कशाला त्रास, म्हणून. आणि मी वर आणखी दहा वजा करत होतो.

विचारलं, वहीत १६८ बघितलंत तेव्हा बोलला का नाहीत? ते म्हणाले, जावयाला तोंडावर चुकलात कसं म्हणायचं हो? आणि तुम्ही हल्ली वाकूनच चालता, तर म्हटलं, तसंच हवं असेल.

रागवायला हवं होतं. जमलं नाही. त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडून आलो. वाटेत दोघंही ताठ चाललो.

२ मे

बायकोची डबल शिफ्ट सुरू. टेबलावर मिक्सरचा आवाज येतो, ग्राहक तक्रार करतात. आज ती हेडफोन घेऊन सरळ अंगणात गेली आणि पॉडमध्ये बसली. तिला वाकावं लागत नाही. डोक्यावर बरोबर चार बोटं. टेबलाच्या जागी तिनं शिवणाचं जुनं मशीन ठेवलंय, ते कोनाड्यात चपखल बसलं.

संध्याकाळी म्हणाली, किती छान बांधलंयस रे. मनापासून म्हणाली. मी म्हणालो, खिडकी उत्तरेला घेतली त्याचा फायदा.

९ मे, सकाळी १०.२०

लेक सुट्टीतल्या क्लासला. बायको ऑफिसात. घरात चिटपाखरू नाही. मी जेवणाच्या टेबलावर.

साहेबांच्या ऑफिसच्या नंबरवर फोन केला. साहेब खुशीत होते. एक नवीन काम निघतंय म्हणाले, छोटंसं. ऑफिस झालं का विचारलं. झालं म्हणालो. मग आता काय अडचण आहे, असं विचारून म्हणाले, एक मिनिट हं.

पाया झाला, चौकट झाली, पत्रा झाला, खिडकी झाली. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग तोंडातून गेलं, साहेब, मला भीती वाटते. पहिल्या पानाच्या पुढं जाता येत नाही. कंपनीनं काढलं त्या दिवशी वाटायला हवं होतं ते तेव्हा वाटलं नाही, आणि आता कशाचंच काही वाटत नाही. तुम्ही काम दिलंत आणि मला जमलं नाही, तर बायकोला काय तोंड दाखवू? तिलाही हे सांगितलेलं नाही. सगळं एका दमात बोललो. डोळ्यांतून पाणी येत होतं.

पलीकडे बासरी वाजत होती. साहेबांनी मला होल्डवर टाकलं होतं.

फोन ठेवला नाही. धून संपली, पुन्हा पहिल्यापासून लागली. तिसऱ्या वेळी लाइन कट झाली.

दुपारी परत करतो. त्याआधी या टेबलाचा एक पाय डुगडुगतोय, तेवढा बघून घेतो.