मोहिनीला बरं न्हाई

२ फेब्रुवारी
सासरची पहिली सकाळ. वसमतपासून थोडं आत, मळ्यातच यांचं नवं स्लॅबचं घर. अंगणात हळद वाळत घातलेली, सगळं पिवळंधमक. माहेराहून, डोंगरकड्याहून आणलेल्या माझ्या पुस्तकांसाठी नवऱ्यानं, स्वप्निलनं भिंतीला फळी ठोकून दिली. सासूबाई, म्हणजे चंद्रभागाआत्या, मला चुलीजवळ फिरकू देत नाहीत. म्हणतात, चार दिवस आराम कर. थोरले दीर वैजनाथ जामिनावर घरी आहेत, गरीब दिसतात. गेल्या वर्षी वेडाच्या भरात त्यांनी प्रतिक्षाताईंवर, त्यांच्या बायकोवर, कोयता चालवला. लग्नाआधीच हे सांगितलं होतं. लपवलं नाही, म्हणून बाबांना माणसं आवडली.

७ फेब्रुवारी
वकील आले होते. वार करताना आपण काय करतोय हेच कळत नव्हतं, असं दाखवता आलं तर दीर सुटतील. पण घटनेच्या आधीचा डॉक्टरचा एक कागद नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही पाहिलेलं नाही. वकील आत्यांवर वैतागले. "मावशी, वेड आधीपासून दिसाया पाहिजे व्हतं. कोयता चालल्यावर दवाखान्यात नेऊन कोन मानंल?"
मी शिकलेली, म्हणून मी साक्ष द्यायची. दीर एकटेच बडबडतात, असं सांगायचं. मी तसं अजून पाहिलेलं नाही.

१३ फेब्रुवारी
दिरांना चहा दिला. बोलता बोलता तेच म्हणाले, "कुत्रं लई जीव लावायचं प्रतिक्षाला. म्हनून आधी त्याला पल्याडच्या शेतातल्या आखाड्यावर बांधून आलो." मग चहात साखर कमी आहे म्हणाले.
कुत्रं आधी बांधून येणाऱ्याला सगळं कळत होतं.

१४ फेब्रुवारी
स्वप्निलला सांगितलं की कोर्टात मी हेच सांगणार. प्रतिक्षाताईंचा डावा हात गेला, त्या शिरड शहापूरला माहेरी पडून आहेत. तो म्हणाला, तू काही ऐकलंच नाहीस. मग आईकडे गेला. बराच वेळ दोघं हळू बोलत होते.

२२ फेब्रुवारी
नवी सून बघायला बायका आल्या होत्या. आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मोहिनीला बरं न्हाई. कुत्रं भुंकून राहिलं म्हन्ती. आमच्यात कुत्रं हाय का, तुमीच सांगा."
मी तसं म्हणालेच नव्हते. आवाज चढला माझा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं लिंबू उतरवून टाकलं.

१ मार्च
नांदेडला डॉक्टरकडे नेलं. आधी स्वप्निल बोलला. मी रडले, डॉक्टरांनी लिहिलं. शांत बसले, तेही लिहिलं. हे खोटं बोलतात असं मी म्हणाले, डॉक्टरांनी मान हलवली.
घरी आल्यावर आत्यांनी कागद कपाटात ठेवला. म्हणाल्या, या बारीला तरी आधी कागद झाला.

६ मार्च
बाबा आले. मला घेऊन जातील वाटलं. त्यांना आत बसवलं, जेवू घातलं. मग माझ्याजवळ आले, पण बघत होते जमिनीकडे.
"गोळ्या घे, बाई. मान्सं चांगली हाइत."
एसटी धरायची म्हणून लवकर निघाले.

९ मार्च
जीभ जड. गोळी गिळेपर्यंत आत्या समोर उभ्या. अक्षर माझं वाटत नाही—

१२ मार्च
साक्षीतून माझं नाव काढलं. वेडीचं कोण ऐकणार. मग आता सोडायला हवं होतं मला. पण बायका अजून येतात, आणि आत्या सांगतात— ही विहिरीकडं पळती, दोनदा धरून आनलं.
मी विहीर बघितलेलीसुद्धा नाही. कशासाठी सांगतात हे—

१३ मार्च
कळलं.
स्वप्निल दारात उभा आहे. चल, विहिरीकडचा प्लॉट दाखवतो म्हणतो. दीर पुढे गेलेत. बांधापलीकडे बायका खुरपतायत. ओरडले तर ऐकतील, धावत येतील, आणि मलाच धरून यांच्या हातात—
नाही म्हटलं. तो हसला. आत्यांना हाक मारली.
न ओरडता कसं—