रोबोटचं तोंड कुठे होतं

पनवेल,
२० जानेवारी २०२६

प्रिय आनंदा,

तू बरा असशील. हौसावहिनींचा गुडघाही आता वळत असेल. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, फक्त माझा डावा बूट वारला.

परवाच्या रविवारी कळंबोलीच्या हॉलमध्ये, मुलांच्या रोबोट स्पर्धेत, प्रायोजक म्हणून तू जो नारळ फोडलास, त्याचं पाणी ना रोबोटला मिळालं ना जमिनीला. ते थेट माझ्या बुटात गेलं. तपकिरी, अस्सल चामड्याचा, पहिल्यांदाच घातलेला. उन्हात ठेवला, आत मीठ भरलं, आमच्या बेगमने, फरहाने, लवंगा टाकल्या. आता त्याला आंबलेल्या खोबऱ्यासोबत मसालेभाताचाही वास येतो. चपलांचा दुकानदार आपल्याच गल्ल्यावर रबरी स्लिपर घालून बसलेला पाहून गिऱ्हाईक काय समजत असेल, याचा विचार तू केला नसशील.

पुसायला तू तुझा रुमाल दिलास. तो माझ्याकडे आहे. मागू नकोस, मिळणार नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पत्र घेऊन येणाऱ्याला काही विचारू नकोस. चहा मात्र दे.

नारळाला माझी हरकत नाही, हे तुला माहीत आहे. माझ्या दुकानाच्या पायाभरणीला तूच फोडलास आणि पेढे मीच जास्त खाल्ले. माझी तक्रार दिशेची आहे. आता नीट वाच, कारण गाड्यांमधलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

साध्या रोबोटला नाक असतं. रिमोटची स्टिक पुढे दाबली की तो नाकासमोर जातो. नाक चालवणाऱ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. न्हावा शेव्याला तुझे ड्रायव्हर ट्रेलर मागे घेताना जसं डोकं लढवतात, तसं. आपल्या मुलांच्या रोबोटची चारही चाकं आपापली वेगळी वळतात. तो कुठल्याही बाजूला सरकतो, सरकता सरकता गिरकी घेतो. मग चालवणाऱ्याने नाक कुठे कुठे शोधायचं? म्हणून त्याच्या पोटात जायरो नावाचा एक तुकडा असतो. रोबोट चालू केला त्या क्षणी तोंड जिकडे, तिकडे ‘समोर’, एवढंच तो लक्षात ठेवतो आणि पुढचं प्रत्येक वळण त्यावरून मोजतो. स्टिक पुढे दाबा, रोबोट त्या ‘समोर’ जाईल, मग नाक कुठेही असो. त्यासाठी चालू करताना तोंड मैदानाकडे हवं. आमची महेक रोज तसंच करते.

रविवारी काय झालं? तू हार घेऊन मैदानाच्या उजव्या अंगाला उभा राहिलास. फोटोवाला म्हणाला, ‘‘साहेब, याचं तोंड तुमच्याकडं पायजे.’’

तू म्हणालास, ‘‘महेक, फिरव त्याला माझ्याकडं. फोटोत पाठ नाय पायजे. आन् दिवे लाव त्याचे.’’

‘‘काका, इथे चालू केला तर तो...’’

‘‘लाव गं. दिवे लावल्याने कोण मरतो काय?’’

तिने लावले. कुंकू झालं, हार झाला, माझा बूट झाला, आणि तेवढ्यात पंचांनी नाव पुकारलं. बंद करून पुन्हा चालू करायला वेळ मागितला, तो मिळाला नाही. रोबोट तसाच मैदानात गेला. महेकने स्टिक पुढे दाबली आणि तो उजवीकडे सुटला. आपल्याच बाजूने खेळणाऱ्या जोडीदार संघाच्या रोबोटला धडकला. लोक हसले. अरे, तो बिचारा तू जिथे उभा होतास तिथे यायला निघाला होता. इतका निष्ठावान कार्यकर्ता तुझ्या पक्षातही नसेल.

‘समोर’ नव्याने शिकवायचं बटण असतं, पण ते दाबताना रोबोट सरळ उभा लागतो. समोरच्या संघाने त्याला कोपऱ्यात तिरका दाबून धरला होता. तिथे दाबलं असतं तर त्याने आणखी एक खोटी दिशा पाठ केली असती. तेव्हा पोरीने मनातल्या मनात अख्खं मैदान फिरवलं आणि पुढे जायला स्टिक डावीकडे दाबत उरलेला सामना खेळली. दोन गुणांनी हरलो. उरलेल्या सामन्यांमुळे पुण्याची फेरी मिळाली, हे तू विसरलास.

आणि तू माइक हातात घेऊन काय म्हणालास? ‘‘पोरीला झेपत नाय. पुण्याला आमचा हृतिक चालवंल.’’ सगळ्या पालकांसमोर. मुलं सराव करतात ते द्रोणागिरीचं गोडाऊन तुझं, रोबोट नेणारा टेम्पो तुझा, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही. महेक तर नाहीच. घरी आल्यापासून तिने रिमोट डब्यात ठेवला आहे आणि अकरावीच्या रसायनशास्त्रात तोंड खुपसून बसली आहे. मी विचारलं तर म्हणते, ‘‘अब्बा, जाऊ द्या.’’

मग चूक दिशेची होती हे तुला कसं कळलं, असं तू विचारशील. एका भल्या माणसाकडून. नाव सांगायचं नाही असं मी कबूल केलं आहे. तो सोमवारी दुकानात आला, बूट बघायचं नाटक केलं, एकही घातला नाही. शेवटी म्हणाला, ‘‘काका, तिने आम्हाला सगळ्यांना गप्प बसायला सांगितलंय. म्हणाली, काकांचं नाव नाय आलं पायजे, गोडाऊन त्यांचं हाय. पण मी नाय चालवणार पुण्याला. तिच्या जागी नाय.’’

आता एवढं ऐकून तो कोण हे तुला कळलं नसेल तर तुझ्या घरात जेवायला कोण कोण बसतं, ते एकदा मोजून घे. त्याचे कानही तुझ्यासारखेच आहेत. शिवाय पत्र आणून देणाऱ्याला तू चहा दिला असशीलच.

ओरडू नकोस त्याच्यावर. मला असा मुलगा असता तर मी दुसराही बूट दिला असता.

शनिवारी गोडाऊनमध्ये ये. हार नको, फोटोवाला नको.

तुझा, सध्या नाइलाजाने,
इक्बाल

पनवेल,
२५ जानेवारी २०२६

प्रिय आनंदा,

काल तू आलास. जे बोलायचं राहिलं, ते लिहितो.

हृतिकने मुद्दाम रोबोटचं तोंड तुझ्याकडे करून दिवे लावले, मग तो गोडाऊनमध्ये आखलेल्या मैदानाकडे वळवला आणि स्टिक तुझ्या हातात दिली. तू ती पुढे दाबलीस. रोबोट सरळ तुझ्या नडगीवर आला. तू पुन्हा दाबलीस, तो पुन्हा आला. ‘‘आयला, हा तर माझ्याच मागं लागलाय,’’ एवढंच तू म्हणालास आणि आठवडाभरात पहिल्यांदा महेक हसली. नडगीला काय लावलंस? हळद पुरेल.

रात्री तू पालकांच्या ग्रुपवर टाकलेला मजकूर वाचला: ‘यापुढे नारळ रोबोट बंद असताना फोडावा. रविवारी तो माझ्या सांगण्यावरून चालू केला होता. पुण्याला महेक चालवणार.’ आनंदा, याला माफी म्हणत नाहीत, परिपत्रक म्हणतात. माइकवर बोललेलं ग्रुपवर फिटत नाही. मी अजून रागावलेलो आहे आणि पुण्याला पोचेपर्यंत तसा राहण्याचा माझा विचार आहे.

पण मधलं वाक्य तुला लिहायची गरज नव्हती. नियम त्याच्याशिवायही चालला असता. ते वाक्य महेकने वाचलं, फोन उलटा ठेवला आणि डब्यातून रिमोट काढला. आत्ता बाहेरच्या खोलीत ती आणि हृतिक कुणी कुठे उभं राहायचं यावरून भांडताहेत. तो तिच्या शेजारी उभा राहून घड्याळ सांभाळणार म्हणे. फरहाने दोघांसाठी सांदणं केली आहेत. तुझा मुलगा तिसऱ्या ताटलीवर आहे.

पुण्याला नारळ तूच फोड. मी जुन्या चपला घालून येतो.

सोबत रुमाल आहे. धुऊन, इस्त्री करून.

तुझा,
इक्बाल