फाट्यावरचा ठिपका

अक्कलकोट रोड, सोलापूर
रविवार, ता. ९ नोव्हेंबर २०२५

चि. यशपाल,
जयभीम.

तुझा नकाशा खोटा आहे. साफ खोटा. पोलीस चौकीच्या भिंतीला तुम्ही अपघात मोजणाऱ्या लोकांनी तो भला मोठा कागद चिकटवलाय, रस्ता निळा, अपघात लाल. काल मी त्याच्यापुढं तासभर उभी होते. धाकट्या साक्षीनं बोट ठेवून दाखवलं. फाट्यावर लाल ठिपक्यांचा नुसता गोवर उठलाय, आणि त्यातला एक माझ्या पोरीचा. तेजश्रीचा. सख्ख्या मामानं लावलेला. डिप्लोमा करून, बॅगेत लॅपटॉप घालून हिंडतोस, आणि आपली भाची कुठं मेली एवढं तुला धड लावता येईना?

फाटा कुठं, आमची वस्ती कुठं. मधे पाऊण किलोमीटर आहे.

बाकी इकडं बरं आहे. टपरी चालू आहे. साक्षी आठवीत गेली. दाजींचे गुडघे तसेच, गवंडीकाम आता होत नाही, तरी जातात. तू शुक्रवार पेठेतल्या खोलीवर काय खातोस कोण जाणे. एकाच गावात राहून तुला पत्र टाकायची पाळी आली, कारण फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी दोन शब्दांत भांडून ठेवीन, हे मलाच माहीत आहे.

तू म्हणशील, जुलैत तूच तर सांगितलंस. हो, मीच सांगितलं. दुपारचा टपरीवर आलास, चहा घेतला नाहीस, कागद काढलास. म्हणालास, ताई, चौकीच्या कागदात फाटा लिहिलंय, पण मी फाट्यावर दोन दिवस उभा राहिलो, तिथं पायी रस्ता ओलांडतंय कोण? खरी जागा सांग की. मी पातेलं खाली आदळलं. म्हटलं, कागदात हाय तेच लिही आन चालता हो, पुन्यांदा ह्या टपरीवर दिसू नको. गिऱ्हाइकं बघत होती. तू बॅग उचलून गेलास. आणि ठिपका फाट्यावरच लावलास. मी बाई चौथी पास. तू तर शिकलेला होतास. माझं ऐकलंस कशाला?

आता सांगते. मधे बोलायला तू समोर नाहीस, ते बरं आहे.

रस्ता चारपदरी झाला तेव्हा आमच्या वस्तीपुढं डिव्हायडर सलग घातला. पलीकडं टॉवेलचा कारखाना, शाळा, बसथांबा, सगळं पलीकडंच. जायचं तर फाट्यापर्यंत चालायचं आणि तिथनं तेवढंच परत यायचं. बायांना सकाळी आठला मशिनवर बसावं लागतं, उशीर झाला की मुकादम फाटकातनं परत धाडतो. दोन महिने आम्ही वळसा घातला. मग एका रविवारी सिद्धरामच्या पंक्चरच्या दुकानातली पहार आणली आणि माणूस निघेल एवढी फट पाडली. पहिला घाव कुणाचा ते वस्तीत कुणालाही विचार. माझा. लई कौतुक झालं त्या दिवशी. बाया म्हणाल्या, शालनबाईला निवडणुकीला उभं करा, ही बोलत न्हाय, करून दावती.

वर्षाच्या आत तिप्पण्णा गेले, कारखान्याचे म्हातारे रखवालदार. फटीतच. हवालदार येईपर्यंत त्यांना रिक्षात घालून नेलं होतं आणि धुरळ्यात काही दिसत नव्हतं. जागा कुठली विचारल्यावर सिद्धराम म्हणाला, फाट्यावर. आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. फट कागदावर आली तर दुसऱ्या दिवशी बुजवतील, एवढंच डोक्यात. कुणी बैठक घेतली नाही, कुणी शपथ घेतली नाही, पण ठरून गेलं. फटीत कोण पडलं तरी फाटा म्हणायचं. त्यानंतर आणखी दोघं गेले. फाटाच म्हटलं.

फेब्रुवारीच्या तीन तारखेला तेजश्री कारखान्यातनं दुपारच्या सुट्टीत जेवायला येत होती. अर्धा रस्ता ओलांडून फटीत थांबली, उन्हाला कपाळावर हात धरून. मी टपरीतनं बघत होते. एक डंपर गेला. त्याच्या मागं दुसरा होता, तो तिला दिसला नाही.

मला दिसला होता, यशपाल.

रस्ता बायांनीच धुतला, माझ्या टपरीच्या पिंपातल्या पाण्यानं. संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार वही घेऊन आला. चांगला होता बिचारा, खाली बसून विचारलं, बाई, जागा कुठली? वस्तीतल्या चौघी माझ्याजवळ होत्या. कुणी मला खुणावलं नाही, कुणी हात दाबला नाही. त्यांच्यावर ढकलायचं नाही मला. माझंच तोंड म्हणालं, फाट्यापाशी. आत पोर झाकून ठेवलेली आणि मी बाहेर बसून फट वाचवत होते.

दाजी तेव्हा लातूरला कामावर होते. त्यांनाही फाटाच सांगितला. तेव्हापासून दर पौर्णिमेला ते फाट्यावर जाऊन मेणबत्ती लावतात. परवा बुधवारीही गेले. ट्रकच्या वाऱ्यानं विझते, परत लावतात, पुरी जळेपर्यंत बसतात. मला कधी चल म्हणाले नाहीत. मीही कधी गेले नाही. त्यांना वाटायचं, हिला सोसत नाही.

एवढं सगळं मी गिळून बसले असते. खोटं कशाला बोलू, बसलेच होते. पण तुमच्या नकाशानं फाट्यावर गतिरोधक आले, पिवळे दिवे आले, पाटी आली. ट्रक तिथं गोगलगाय होतात. आणि एकदा फाटा ओलांडला की गेलेला वेळ भरून काढायला सुटतात ते थेट आमच्या फटीपर्यंत. आधी बरे होते म्हणायची पाळी आलीय.

गुरुवारी शाळा सुटायच्या वेळेला मान वर करून बघते तर साक्षी फटीत उभी. दप्तर पाठीला. वळसा घालून ये म्हणून तिला मी शंभरदा बजावलंय. हात धरून ओढत आणली, विचारलं, इथनं का आलीस? तर म्हणाली, "आई, सगळीच येत्यात की हितनं. आन दिदी तर फाट्यावर गेली न्हवं?"

मी तिला मारलं. लई मारलं. तिला अजून कळलेलं नाही कशासाठी.

शुक्रवारी नळावर सगळ्यांपुढं सांगितलं की मी खरी जागा लिहून देणार. मग सिद्धराम म्हणाला, "शालनबाई, मेलेल्याचा पत्ता बदलून त्याला काय टपाल येणार हाय का?" दोघी हसल्या. मी म्हटलं, तुझी दोन पोरं जित्ती हायत, त्यांचा पत्ता सांभाळ. त्यावर नाही हसलं कुणी. पण तेव्हापासून टपरीवर वस्तीचं माणूस चहाला येत नाही. येऊ नये. त्यांचं तरी काय चुकतंय, उद्या फट बुजवली तर सकाळी आठला मशिनवर कोण पोचवणार त्यांना? मीच दाखवलेली वाट आहे ती.

आज सकाळी दाजींना सांगितलं. आरसा खिडकीला टेकवून दाढी करत होते. सगळं सांगितलं, डंपर, व्हरांडा, हवालदार. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. ओरडतील वाटलं. ओरडायला पाहिजे होतं. ते म्हणाले, "शालन, मग नऊ म्हयने मी कुणापाशी बसत हुतो?"

 

अर्धी दाढी तशीच ठेवून फटीपाशी जाऊन बसलेत. हे लिहितेय तरी तिथंच आहेत, टपरीतनं दिसतात. साक्षी पाणी घेऊन गेली होती, प्याले नाहीत. तिला मात्र जवळ बसवून घेतलंय.

आता काम ऐक. नकाशाखाली लिहिलंय की सतरा तारखेला साहेबांची बैठक आहे, त्यात धोक्याच्या जागांची यादी पक्की होणार. त्याच्या आधी आमच्या चौघांचे ठिपके फाट्यावरनं उचल आणि फटीवर लाव. तिप्पण्णा, मधले दोघं, आणि तेजश्री. हे पत्रच माझा जबाब समज आणि साहेबाला दाखव. चौकीत येऊन पुन्हा सांगायला मी तयार आहे. डिव्हायडर फोडल्याचा, खोटं बोलल्याचा जो गुन्हा लागायचा तो माझ्यावर लागू दे, बायांची नावं मी देणार नाही. फट बुजवायची तर बुजवा, पण ओलांडायला दुसरं काहीतरी द्या, नाहीतर महिन्याभरात शेजारी नवी पडेल. मी ओळखते आम्हाला.

तू माझ्यावर राग धरून आहेस, तो धर. तुझा हक्क आहे. मी भरल्या गिऱ्हाइकांत तुला हाकललं, आणि तू खरं विचारत होतास. भाऊ म्हणून येववत नसेल तर मोजणीवाला म्हणून ये. कुठं उभी होती ते मी तुला पाऊल टाकून दाखवीन. तुझ्या मोबाइलला त्या जागेचे जे आकडे येतात ते तिथं उभं राहूनच घे, खोलीत बसून नको.

चौदा तारखेच्या शुक्रवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. ठिपका हलला का नाही, एवढंच. हलवता येत नसेल तर तसं लिही, सोमवारी मी स्वतः त्या बैठकीत जाऊन उभी राहीन. पण उत्तर दे. शुक्रवार, यशपाल.

शालन धोंडिराम सोनकांबळे
तेजश्रीची आई. जागेवर हजर होते.