जोवेलिनची रिकामी वाटी

३ मे
बेटावरच्या क्षयाच्या दवाखान्यात स्वयंपाकाला लागले. चूल मोठी, समुद्राचा वारा, भांडी घासायला वेगळी बाई. अजून काय हवं? सगळ्यांची मनांग, म्हणजे थोरली ताई, झाले. बायकांच्या खोलीत खिडकीपाशी जोवेलिन. एकोणीस वर्षांची, नुसती काडी. तिला सांगितलं, माझ्या हातचं पानात टाकलेलं चालणार नाही. शेजारच्या खाटेवरची म्हातारी ट्रिनिंग म्हणाली, आली बाई पोलीस.

९ मे
गावचा सण. डुकराच्या रक्ताचं कालवण, रक्ती केली, सोबत तांदळाचे वाफवलेले पुतो. जोवेलिनची वाटी चाटूनपुसून परत आली. पुन्हा भरून पाठवली, तीही रिकामी! जीव सुखावला.

११ मे
जोवेलिनला शौचाला डांबरासारखं काळं होतंय. डॉक्टर आबेल्यानोसांनी विचारलं, काय खाल्लंस? पोर खाली बघत बसली. मीच तोऱ्यात सांगितलं, दोन वाट्या रक्ती. ते हसले. मग काळंच होणार, म्हणाले, तपासलं तर रक्तच दिसेल, मनांगच्या डुकराचं. चार दिवस थांबून तपासू.

१४ मे
सकाळी रक्त ओकली. ओंजळभर, लाल. मग थांबलं. नळी घालून पोट पाहिलं, जखम कुठेच नाही.
म्हातारी रडायला लागली. रक्ती मी खाल्ली गं, दोन्ही वाट्या. हिच्या चर्चमध्ये रक्त खात नाहीत. तुझ्या तोंडाला भिऊन बोलली नाही पोर.
माझ्या तोंडाला.
डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे ते काळं तिचंच रक्त, म्हणाले, क्षय क्वचित पाठीजवळची मोठी रक्तवाहिनी पोखरतो, तिला आतड्यात उघडणारं भोक पडतं. आधी थोडं येतं. थांबतं. मग थांबत नाही. सेबूला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेऊन पोट उघडायला हवं. समुद्र खवळलाय. बोट उद्या.

१५ मे
बरी दिसतेय. भूक लागली म्हणाली, पेज प्यायली. बायका खूश, सुटलीस गं पोरी. मीही हसते— हे थांबलेलंच मला बघवत नाही—

दुपार
वेणी घातली. म्हणाली, मनांग, सेबूला तूच चल. तू भांडलीस की तिथे कुणी ताटकळत ठेवणार नाही. येते म्हटलं. बाळ, येते गं—

बोट दिसली. कपडे बांधते. दोन झगे पुरे— नाही, तिच्यासाठी चादर—
जोवेलिनच्या खाटेकडून म्हातारी ओरडतेय. माझं नाव नाही, नुसतीच ओर